पोलो जीटीला १७ इंची चाके: कन्नड घाटासाठी फायद्याची की तोट्याची?

गिरणाकाठ, पाचोरा

नमस्कार. गेल्या दिवाळीत मी २०१४ सालची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय जुन्या बाजारातून घेतली. तिला स्पोर्ट्स कार म्हटले की काही जाणकार नाक मुरडतात, कारण तिला पाच दारे आहेत आणि डिकीत सरकीचे पोतेही बसते, परंतु १.२ लिटरच्या टर्बो इंजिनाची १०५ अश्वशक्ती, अकराशे किलोंच्या आसपासचे वजन आणि वळणावर अंग न टाकण्याची तिची सवय पाहता, माझ्यासारख्या नोकरदाराला परवडणारी लहान स्पोर्ट्स कार हीच, असे मी समजतो.

रोजचा प्रवास पाचोरा ते जळगाव असा आहे आणि महिन्यातून दोनदा बहिणीकडे छत्रपती संभाजीनगरला जाताना चाळीसगावहून कन्नड घाट चढावा लागतो. 'लागतो' हा शब्द खरे तर चुकीचा आहे. घाटासाठीच मी बहिणीकडे जातो, असे घरात सगळे म्हणतात.

गाडीवर सध्या कंपनीच्याच १५ इंची रिम आणि १८५/६० आर१५ मापाचे (१८५ मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १५ इंची) टायर आहेत. टायर झिजले असून ते बदलायचेच आहेत. जळगावच्या एका दुकानदाराने सुचवले की एवीतेवी खर्च होणारच आहे, तर ७ इंच रुंदीच्या १७ इंची अलॉय रिम आणि २०५/४५ आर१७ टायर घालावेत, म्हणजे गाडी रस्त्याला चिकटून वळेल. दुसरीकडे माझा एक मित्र ठासून सांगतो की चाकावर वाढलेला एक किलो हा गाडीत ठेवलेल्या दहा किलोंच्या बरोबरीचा असतो, त्यामुळे मोठी चाके म्हणजे गाडीच्या पायात बेडी. दोघेही छातीठोकपणे बोलतात आणि दोघांचेही बोलणे मला अर्धेच पटते. चाकाचे वजन आणि चाकाचा आकार यांचा गाडीच्या वळण्यावर, ब्रेकवर आणि स्टिअरिंगवर नेमका किती आणि कसा परिणाम होतो, हे कोणी हिशेबासह समजावून सांगेल का? दिसण्याचा मुद्दा मी बाजूला ठेवला आहे. पूर्णपणे नाही, पण ठेवला आहे.

यंत्रशाळा, धुळे

मी तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे उत्तर लांबेल. चहा घेऊन बसावे.

तुमच्या मित्राच्या दहापटीपासून सुरुवात करतो, कारण हा आकडा गावोगाव फिरतो आणि तो कुठल्याही हिशेबात बसत नाही. चाक दोन कामे एकाच वेळी करते: गाडीबरोबर पुढे जाते आणि स्वतःभोवती फिरते. त्यामुळे वेग वाढवताना त्याच्या वजनाला दोनदा ढकलावे लागते. फिरवण्याच्या कामात वजन किती आहे यापेक्षा ते केंद्रापासून किती दूर आहे याला महत्त्व असते, कारण तेथे अंतराचा वर्ग होतो. कुंभाराचे चाक काठाला मुद्दाम जड ठेवलेले असते. एकदा दांडक्याने गरगरवले की मडके उतरेपर्यंत ते फिरत राहते. कुंभाराला जे हवे असते, तेच आपल्याला नको असते. आता आकडे पाहा. टायरच्या माथ्यावर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यावर, वाढलेला एक किलो हा गाडीत ठेवलेल्या जवळपास दोन किलोंसारखा वागतो. रिमच्या काठावर वाढलेला एक किलो सुमारे १.४ ते १.५ किलोंसारखा वागतो, कारण रिमचा काठ केंद्रापासून साधारण २० सेंटिमीटरवर असतो आणि टायरचा माथा ३० सेंटिमीटरवर. हबजवळचा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाजवळचा, एक किलो हा एकच किलो राहतो. दोनपटीच्या वर काही जात नाही.

समजा, नवे प्रत्येक चाक टायरसह ३ किलोंनी जड आहे. चारांचे १२ किलो होतात आणि फिरण्याचा हिस्सा धरून साडेसतरा किलोंच्या आसपास. मागच्या सीटवर पिण्याच्या पाण्याचा एक जार ठेवून निघाल्यासारखे झाले. तुमच्या गाडीचा शून्य ते शंभर किलोमीटर वेगाचा कंपनीने सांगितलेला काळ ९.७ सेकंद आहे. त्यात सेकंदाचा सातवा हिस्सा वाढेल. घड्याळाला कळेल, तुम्हाला कळणार नाही.

म्हणून चाकाचे वजन बिनमहत्त्वाचे ठरते का? मुळीच नाही. ते महत्त्वाचे आहे, पण वेगळ्या कारणासाठी, आणि ते कारण आपल्या खान्देशातल्या रस्त्यांवर फार उघडपणे दिसते.

गाडीचे वजन दोन भागांत वाटलेले असते: स्प्रिंगच्या वरचे आणि स्प्रिंगच्या खालचे. इंजिन, सांगाडा, माणसे हे वरचे. चाक, टायर, हब, ब्रेक आणि सस्पेन्शनच्या दांड्यांचा अर्धाअधिक भाग हे खालचे. तुमच्या गाडीच्या पुढच्या एका कोपऱ्यावर चालकासह ३५० किलोंच्या आसपास भार येत असेल आणि त्यातला स्प्रिंगखालचा वाटा ३५ किलो धरू. येथे चाक ३ किलोंनी जड झाले की एकूण भारात एक टक्काही वाढ होत नाही, परंतु स्प्रिंगखालच्या वजनात साडेआठ टक्के वाढ होते. खड्ड्यावरून किंवा ठिगळावरून जाताना हेच खालचे वजन वर फेकले जाते, आणि त्याला पुन्हा रस्त्यावर आणून बसवण्याचे काम स्प्रिंगला आणि शॉकअपला करावे लागते. जितके वजन जास्त, तितके ते उशिरा परत येते.

आता आपल्या रस्त्यांकडे या. तापी आणि गिरणेच्या खोऱ्यातली कापसाची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा रस्ता दोन-तीन वर्षांत लाटांसारखा होतो. मोरी मात्र पक्क्या पायावर असल्याने जागेवर राहते आणि तिच्या दोन्ही बाजूंचा रस्ता खचतो. या लाटा लांब असतात. ताशी ७२ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला २० मीटर जाताना, पंधरा मीटरची लाट गाडीला सेकंदाला सव्वा-दीड वेळा वरखाली करते, आणि गाडीच्या सांगाड्याची स्वतःची झुलण्याची लय नेमकी तेवढीच असते. म्हणून अशा रस्त्यावर गाडी होडीसारखी डुलते. तेथे चाकाच्या वजनाचा काही संबंध नाही. तेथे शॉकअप चांगले हवेत.

चाकाची स्वतःची थरथरण्याची लय मात्र सेकंदाला १० ते १५ वेळा असते. त्याच ७२च्या वेगाला ही लय दीड-पावणेदोन मीटर अंतरावरच्या उंचवट्यांनी जागी होते. एकापुढे एक ठिगळे लावलेला रस्ता, पावसाने उघडी पडलेली खडी, घाटात वळणाआधी ब्रेक दाबून दाबून डांबराला पडलेल्या सुरकुत्या, हे सगळे या मापाचे असते. जड चाक येथे उड्या मारू लागते. वळणात असताना चाक उड्या मारू लागले की नुकसान दुहेरी होते, कारण टायरची पकड भाराच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. ३०० किलो भार सतत वाहणारा टायर आणि २०० ते ४०० किलोंच्या मध्ये हेलकावणारा टायर यांची सरासरी सारखी असली, तरी दुसऱ्याची पकड कमी भरते. २०० वर जे गमावले ते ४०० वर पूर्ण भरून निघत नाही. हलक्या चाकाचा खरा फायदा असा आहे: टायर रस्ता सोडत नाही.

आकाराचा प्रश्न वेगळा आहे आणि दुकानात हे दोन्ही प्रश्न एकत्र बांधून विकले जातात. १८५/६० आर१५ या टायरचा बाहेरचा व्यास ६०३ मिलिमीटर आहे. २०५/४५ आर१७ चा ६१६ आहे, म्हणजे २.२ टक्के जास्त. स्पीडोमीटर १०० दाखवील तेव्हा तुम्ही पूर्वीपेक्षा दोन किलोमीटर अधिक वेगाने जात असाल. गिअर तेवढेच लांब होतील आणि ब्रेकचा जोर तेवढाच कमी पडेल. हे सगळे खपवून घेण्यासारखे आहे. खपवून घेण्यासारखे नाही ते पुढे आहे: टायरच्या साइडवॉलची, म्हणजे बाजूच्या भिंतीची, उंची १११ मिलिमीटरवरून ९२ वर येते. ही १९ मिलिमीटर रबराची आणि हवेची गादी तुमच्या रिमचे आणि मणक्यांचे रक्षण करत होती. शर्यतीच्या आणि महागड्या गाड्यांना मोठ्या रिम लागतात त्या मुख्यतः आत मोठी ब्रेक डिस्क बसावी म्हणून. तुमची डिस्क १५ इंचांत सुखाने बसते.

रुंद टायरमुळे रस्त्याला टेकणारी जागा वाढते, हाही एक गोड गैरसमज आहे. ती जागा भार आणि हवेचा दाब यांवर ठरते. तुमच्या पुढच्या टायरची सुमारे दीडशे चौरस सेंटिमीटर, म्हणजे पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी. टायर रुंद केला की हे पोस्टकार्ड आडवे होते, मोठे होत नाही. आडवे झाल्याने वळताना थोडा फायदा होतो हे खरे आहे, आणि साचलेल्या पाण्यावर तोटा होतो हेही खरे आहे.

वर जायचेच असेल तर १९५/५० आर१६ पाहा. त्याचा व्यास ६०१ मिलिमीटर आहे, मूळच्या मापाला जवळपास चिकटून. आणि रिम घेताना तिचे वजन विचारा. दुकानदाराला ते सांगता आले नाही, तर काटा मागवा.

केळीबाग, सावदा

सरांनी काटा म्हटले म्हणून लिहितो. आमच्याकडे केळीचे घड तोलण्याचे इलेक्ट्रॉनिक काटे घरोघरी आहेत आणि मी त्यावर चाके तोलली आहेत, फक्त उशिरा तोलली, म्हणजे पैसे देऊन झाल्यावर.

माझ्याकडेही हीच गाडी होती. मी २१५/४५ आर१७ घातले होते. जुने चाक टायरसह साडेसोळा किलोंच्या आतबाहेर भरले आणि नवे २१ किलोंच्या थोडे वर. रिम ओतीव आणि स्वस्तातली होती. तिच्या मागच्या बाजूला जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयए असे कुठलेच जपानी चाचणीचे शिक्के नव्हते, हेही मला नंतर कळले. पहिले दोन आठवडे मी खूश होतो. स्टिअरिंग हलवले की नाक लगेच वळे आणि गाडी अंगात आल्यासारखी वाटे. त्यानंतर फैजपूरच्या रस्त्यावर ट्रॅक्टरला जागा देताना डावे पुढचे चाक डांबराच्या तुटलेल्या कडेवरून खाली उतरले आणि पुन्हा वर आले; वेग चाळीसही नव्हता. टायरला फुगा आला आणि रिमला आतून चीर गेली. लोखंडी रिम असती तर वाकली असती आणि पंक्चरवाल्याने हातोड्याने सरळ करून दिली असती. ओतीव अलॉय वाकण्याआधी तडकते, आणि तडकलेली रिम वेल्डिंग करून वापरावी असे मला कोणी फुकट दिले तरी वाटत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे आणि या गाडीच्या प्रत्येक मालकाने ती लक्षात ठेवावी. फोक्सवॅगनच्या चाकाला नट नसतात, बोल्ट असतात, आणि कंपनीच्या बोल्टचे बूड गोल, चेंडूच्या आकाराचे असते. बाजारातल्या बहुतेक रिमची बैठक मात्र शंकूच्या आकाराची असते. माझ्या चाकांना बसवणाऱ्याने जुनेच गोल बुडाचे बोल्ट वापरले. गोल बूड शंकूत फक्त एका वर्तुळरेषेवर टेकते, म्हणून ते कितीही आवळले तरी सैल होते. तीनशे किलोमीटरांनंतर स्टिअरिंगला हादरे बसू लागले, मी चाक असंतुलित असेल म्हणून दोनदा बॅलन्सिंग करून घेतले, आणि तिसऱ्या वेळी पान्याने पाहिले तर पाचांपैकी दोन बोल्ट हाताने फिरले. चूक त्या माणसाची होती तशी माझीही होती. मी बसून मोबाइल पाहत होतो. शंकूच्या बैठकीला शंकूचेच बोल्ट घ्या, १२० न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने आवळा आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा तपासा.

त्याच वेळी मधल्या छिद्राचेही माप पाहा. पोलोचा हब ५७.१ मिलिमीटरचा आहे आणि बाजारातल्या रिमचे छिद्र बहुधा ७३.१चे असते, कारण एकच रिम दहा गाड्यांना विकायची असते. मधली फट भरायला कडे बसवावे लागते, ते नसेल तर चाक बोल्टांवर अंदाजाने मध्यावर येते आणि ९०-१००च्या वेगाला स्टिअरिंग कापते. प्लास्टिकच्या कड्यापेक्षा मला ॲल्युमिनियमचे बरे वाटते. आमच्याकडचा मे महिना आणि ब्रेकची उष्णता एकत्र आली की प्लास्टिकवर माझा विश्वास बसत नाही.

भुसावळ जंक्शन

वरच्या दोन्ही उत्तरांचा आदर राखून एक तक्रार नोंदवतो. १७ इंची चाके म्हणजे केवळ दिखाऊपणा, असा सूर लागतो आहे आणि तो मला अन्यायाचा वाटतो. मी स्वतः एका लहान हॅचबॅकवर १५ वरून १७ वर गेलो आणि तीन वर्षे समाधानी आहे. साइडवॉल बुटकी झाल्याने टायरची लवचीकता कमी होते आणि स्टिअरिंग फिरवणे व गाडी वळणे यांमधला तो रबरी विलंब जवळपास नाहीसा होतो. धुळे ते जळगाव महामार्गाच्या रुंद केलेल्या भागावर लेन बदलताना गाडी जशी हुकमात राहते, तशी पूर्वी राहत नव्हती. केळीबाग भाऊंनी स्वतःच लिहिले आहे की पहिले दोन आठवडे त्यांना मजा आली. ती मजा खोटी नव्हती, त्यांच्या रिम खोट्या होत्या. चांगली, हलकी रिम घ्यावी, टायरमध्ये कंजुषी करू नये, आणि मग १७ इंचांना नावे ठेवावीत.

यंत्रशाळा, धुळे

जंक्शन यांचा मुद्दा बरोबर आहे आणि तो मी पहिल्या उत्तरात पुरेसा मांडला नाही, ही माझी चूक. स्टिअरिंग फिरवल्यावर आधी टायर पिळतो, मग आडवे बळ तयार होते आणि त्यानंतर गाडी वळते. साइडवॉल जितकी ताठ, तितका हा पिळण्याचा काळ कमी. गुळगुळीत रस्त्यावर हा फायदा निर्विवाद आहे.

माझा आक्षेप एवढाच आहे की स्टिअरिंगचा हजरजबाबीपणा आणि वळणातली पकड या दोन वेगळ्या गोष्टी असून चालवणाऱ्याला त्या एकच वाटतात. नाक चटकन वळले की गाडी जास्त वेगाने वळेल असा भरवसा येतो, आणि ठिगळांच्या वळणावर तो भरवसा नेमका मध्यावर मोडतो, कारण ताठ टायर प्रत्येक ठिगळाचा धक्का स्वतः न पचवता वर सस्पेन्शनकडे पाठवतो. हजरजबाबीपणातला बराचसा हिस्सा १५ इंचांतही मिळतो: टायरचा प्रकार बदलून. एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या टायरांमध्ये साइडवॉलच्या ताठरपणाचा आणि रबराच्या मऊपणाचा जो फरक असतो, तो कित्येकदा एक इंच मोठ्या रिमपेक्षा अधिक जाणवतो.

रिमच्या ऑफसेटबद्दल, म्हणजे रिम हबला जेथे टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे त्याबद्दल, एक वाक्य राहून गेले. समजा, मूळ रिम ६ इंच रुंद आणि ऑफसेट ४० आहे आणि नवी ७ इंच रुंद व ऑफसेट ३५ आहे. तर चाकाची बाहेरची कड जवळपास १८ मिलिमीटर बाहेर येते. फेंडरला घासण्याची भीती सगळ्यांना असते, पण त्याआधी स्टिअरिंगचा स्वभाव बदलतो, कारण चाक ज्या कल्पित आसाभोवती वळते त्याच्यापासून टायरचा मध्य दूर सरकतो. मग एका चाकाखाली खड्डा आला की स्टिअरिंग हातातून ओढले जाते, आणि पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या टर्बो गाडीत जोरात निघतानाही ते ओढले जाते. बेअरिंगवरचा ताण वाढतो तो वेगळाच.

हिरोशिमातला अमळनेरकर

नोकरीनिमित्त गेली काही वर्षे जपानमध्ये आहे. येथे माझ्याकडे जुनी घेतलेली माझदा रोडस्टर आहे, २०१५ साली आलेल्या चौथ्या पिढीतली, १.५ लिटरची. म्हणजे निदान माझ्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणायला कोणी हरकत घेणार नाही. डिकीत सरकीचे पोते बसत नाही. गंमत अशी की तिच्या टायरचे माप १९५/५० आर१६ आहे, जे सरांनी पोलोसाठी सुचवले.

या गाडीचा इतिहास पाहिला तर चाकांबद्दल तिच्या निर्मात्यांचे मत स्पष्ट दिसते. १९८९ची पहिली रोडस्टर १४ इंची चाकांवर, १८५/६० आर१४ टायरवर आली. तिसऱ्या पिढीत गाडी वाढली आणि चाकाला पाच बोल्ट आले. चौथ्या पिढीत वजन कमी करताना त्यांनी पुन्हा चारच ठेवले. २०२१च्या अखेरीस जपानमध्ये ९९०एस नावाची आवृत्ती जाहीर झाली. ९९० हे तिचे किलोंमधले वजन. तिला रेज कंपनीच्या घडीव, म्हणजे दाबून घडवलेल्या ॲल्युमिनियमच्या १६ इंची रिम दिल्या आणि प्रत्येक चाकामागे सुमारे ८०० ग्रॅम वाचवले. आठशे ग्रॅम म्हणजे एक बरेसे वांगे, भरिताचे. पण मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे: चाक हलके झाल्यावर त्यांनी स्प्रिंग आणि शॉकअपही त्याप्रमाणे पुन्हा जुळवून घेतले. आपण बाजारातून रिम आणून बसवतो तेव्हा हा दुसरा अर्धा भाग कोणीच करत नाही. चाक जड झाले तर जुना शॉकअप त्याला अपुरा पडतो आणि हलके झाले तर थोडा अधिक कडक ठरतो.

स्वतःचा अनुभव सांगतो. हिवाळ्यात येथे मी बर्फाचे टायर दुसऱ्या, जड रिमवर चढवतो. गाडी मंद आणि चिखलात रुतल्यासारखी वाटते, परंतु दोष रिमचा की मऊ रबराचा हे वेगळे काढता येत नाही, म्हणून ती तुलना मी मोजत नाही. एकदा मात्र मित्राच्या दोन लिटरच्या गाडीची २०५/४५ आर१७ चाके महिनाभर माझ्या गाडीवर होती आणि दोन्ही संच एकाच कंपनीच्या एकाच जातीच्या टायरचे होते. द्रुतगती मार्गावर १७ इंची चाके अधिक स्थिर वाटली. जंक्शन यांचे म्हणणे मला तेथे पूर्ण पटले. डोंगरातल्या जुन्या, जोड दिलेल्या रस्त्यावर मात्र वळणाच्या मध्यावर मागची बाजू अर्धा वीत बाहेर सरके आणि पुन्हा टेके. स्टिअरिंगवर हाताला येणारी बारीक बातमी, म्हणजे टायर आता सुटायला आला आहे ही सूचना, उशिरा आणि एकदम येत असे. १६ इंचांवर ती आधीपासून हळूहळू येते. लहान, हलक्या गाडीत मला वेगापेक्षा ही सूचना अधिक मोलाची वाटते.

इंग्लंडमधल्या लोटस कंपनीची १९९६ची पहिली एलिस सव्वासातशे किलोंच्या आसपास होती आणि तिला पुढे १८५/५५ आर१५ व मागे २०५/५० आर१६ टायर होते. पाचोऱ्याच्या पोलोइतकेच रुंद टायर पुढे घालून ती गाडी वळण्याचा आदर्श मानली गेली. तिचे इंजिन मध्यभागी आणि ताकद मागच्या चाकांना, म्हणून पोलोची तिच्याशी थेट तुलना करू नये. पण १८५ म्हणजे सायकलचे टायर, असे कोणी म्हणाले तर हे उदाहरण उपयोगी पडेल.

गिरणाकाठ, पाचोरा

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आधी तोलायचे आणि मग बोलायचे असे ठरवले होते.

मी ज्या जिनिंगमध्ये हिशेब पाहतो, तेथे काट्यांची कमतरता नाही. माझे सध्याचे चाक टायरसह १६.४ किलो भरले. दुकानदाराला विनंती करून १७ इंची रिम आणि टायर जोडून तोलू दिले, ते १९.९ किलो. म्हणजे सरांनी धरलेल्या तीन किलोंपेक्षा अर्धा किलो जास्तच. १९५/५० आर१६ टायर दुकानात नव्हता, मागवून घ्यावा लागेल असे सांगितले. १९५/५५ तयार होता, पण त्याचा व्यास मूळच्या मापापेक्षा तीन टक्के मोठा पडतो हे आता मला तोंडी काढता येते.

चाके काढली तेव्हाच एक शोध लागला. गाडी ७२,००० किलोमीटर चाललेली आहे आणि पुढचे दोन्ही शॉकअप तेलाने ओले झालेले होते. लाटांवर होडीसारखे डुलणे म्हणजे गाडीचा स्वभाव, असे मी वर्षभर समजत होतो. शिवाय मागची उजवी रिम किंचित वाकलेली निघाली. शेवटी १७ इंचांसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेत चार शॉकअप, मूळ १८५/६० आर१५ मापाचेच परंतु चांगल्या प्रतीचे टायर, एक जुनी कंपनीची रिम आणि अलाइनमेंट एवढे सगळे बसले, आणि थोडे पैसे उरले. बोल्ट कंपनीचेच, गोल बुडाचे, गोल बैठकीत. १२० न्यूटन-मीटरला माझ्यासमोर आवळून घेतले आणि मोबाइल खिशात ठेवला.

गेल्या रविवारी कन्नड घाट चढलो. पहाटे निघताना थंड टायरमध्ये ३३ पीएसआय दाब होता. वर पोहोचून मोजला तेव्हा ३६ भरला. वळणाआधीच्या सुरकुत्यांवर पूर्वी स्टिअरिंग हातात नाचत असे, ते जवळजवळ थांबले आहे, आणि सुरुवातीच्या क्षणी नाक वळण्यातला विलंब थोडा कमी झाला असला तरी आहेच. जंक्शन म्हणतात तो फरक मला मिळालेला नाही, हे मान्य करतो. उतरताना मात्र ब्रेक दाबून वळणात शिरताना गाडी ज्या ठिकाणी उडी मारून बाहेर जायची, त्या ठिकाणी या वेळी तिने काहीच केले नाही, आणि बहिणीच्या मुलाने मागच्या सीटवरून विचारले की मामा, आज हळू चालवतो आहेस का.

दुकानदाराने ती १७ इंची जोडी काचेच्या मागे उजेडात टांगून ठेवली आहे. माझा रोजचा रस्ता तिच्या समोरूनच जातो.